चौदावी रांग

१

गोदामात नवं यंत्र आलं की मास्तर आधी त्याची पुस्तिका वाचत आणि मेहुणा आधी त्याचा खोका फाडी.

मास्तर म्हणजे गोदामाचे मुख्य कारकून. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण समोरच्याला एकच गोष्ट तीनदा सांगायची आणि चौथ्यांदा त्याच्याकडून वदवून घ्यायची ही त्यांची खोड पाहून कुणीतरी हे नाव चिकटवलं, ते पगारपत्रक सोडून सगळीकडे चाललं. मेहुणा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. वय चाळीस, लग्न नाही, कामाला वाघ, तोंडाला कुलूप नाही. तो आठ वर्षांचा असताना आई गेली आणि बहिणीनेच त्याला वाढवलं, त्यामुळे घरात त्याचं स्थान भावापेक्षा पहिल्या मुलाचं होतं. मास्तरांच्या शब्दावर तो इथे लागला होता. रोज सकाळी निघताना बायको मास्तरांना सांगे की त्याला सांभाळून आणा. जणू तो गोदामात जात नसून समुद्रावर जातो आहे.

गोदाम पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांचं होतं. एका टोकाला लोखंडी शटर आणि मास्तरांचं टेबल, दुसऱ्या टोकाला नुसती पांढरी भिंत आणि मधे छतापर्यंत गेलेल्या रॅकच्या तेरा रांगा. वर्षातून एकदा दोन दिवस शटर ओढून सगळ्या मालाची मोजणी होई. आजवर ती वही आणि पेन्सिलीने झाली. या वर्षी वरच्यांनी दोन हातातले स्कॅनर पाठवले. पिस्तुलासारखे दिसणारे, चाप दाबला की तोंडातून लाल रेघ टाकणारे, आणि बारकोड वाचला की ‘टिट्’ करणारे.

या यंत्रांना बटणं नव्हती. त्यांना जे सांगायचं, ते पुस्तिकेतले बारकोड वाचायला देऊन सांगायचं. आवाज लहान हवा तर त्याचा एक बारकोड, मोठा हवा तर शेजारी दुसरा. एक वाचताना दुसरा तळहाताने झाकावा, अशी सूचना पुस्तिकेत चार ठिकाणी होती आणि मास्तरांनी ती चारही ठिकाणी वाचली. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, हे नव्या जावयासारखं आहे. तोंडी सांगून भागत नाही, अदबीने कागद पुढे धरावा लागतो.” मास्तरांनी आपण स्वतः जावई असल्याचं त्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, तेच तर.

कामाची रीत सोपी होती. आधी रांगेचं लेबल वाचायचं, मग त्या रांगेतले खोके. पाचव्या रांगेतला खोका कुणी आठवीचं लेबल वाचून वाचला, तर संगणकात तो आपोआप आठवीत जाई. जिथे शेवटचा वाचला, तिथे तो आहे. मास्तरांना हा नियम फार आवडला. फडताळ चुकू शकतं, नोंद चुकत नाही, हे ते तीस वर्षं सांगत आले होते. आता यंत्रही तेच म्हणत होतं.

चाचणी खऱ्या रांगांवर नको, म्हणून मास्तरांनी संगणकात एक खोटी रांग तयार केली. चौदावी. संगणकाने तिची लांबी, रुंदी आणि फडताळांची संख्या विचारली. मास्तरांनी जन्मात रकाना रिकामा सोडला नव्हता, पण नसलेल्या रांगेला मोजमाप काय द्यायचं, म्हणून सोडला. लेबल छापून दुसऱ्या टोकाच्या पांढऱ्या भिंतीवर छातीच्या उंचीला चिकटवलं. ते वाचलं, वॉशरचा एक खोका वाचला. पडद्यावर खोका चौदाव्या रांगेत गेला. मग दुसऱ्या रांगेचं लेबल वाचून खोका परत आणला. सगळं घड्याळासारखं चाललं.

चौदावी रांग पुसायची होती. पण तोवर बंद करायची वेळ झाली आणि मेहुण्याने दिवे मालवायला सुरुवात केली. उद्या पुसू, असं ठरलं.

२

दुसऱ्या दिवशी दोघांनी आतून शटर ओढून कुलूप घातलं आणि मोजणी सुरू केली. एक वाजेपर्यंत पाच रांगा झाल्या. डबे उघडायच्या आधी मास्तरांनी दोन्ही स्कॅनर टेबलावरच्या स्टँडमध्ये ठेवले. जेवताना मेहुण्याने पुन्हा लग्नाच्या विषयाला बगल दिली, आणि मास्तरांनीही तो फार लावून धरला नाही, कारण तो त्यांना घरून नेमून दिलेला होता.

दीड वाजता त्यांनी पडद्यावर यादी पाहिली.

एक वाजून पाच मिनिटांपासून एक पंचवीसपर्यंत बावीस खोके वाचले गेले होते. सहाव्या रांगेतले बेअरिंगचे. जागा: चौदावी रांग. प्रत्येक ओळीच्या शेवटी, ज्या यंत्राने वाचलं त्याचा क्रमांक येई. तिथे तीन लिहिलं होतं.

यंत्रं दोन होती. दोन्ही त्या वीस मिनिटांत डब्यांच्या शेजारी उभी होती.

मास्तरांनी आधी मेहुण्याकडे पाहिलं, कारण तीस वर्षांचा अनुभव. मग त्यांना आठवलं की त्या वीस मिनिटांत तो समोर बसून त्यांचंच लोणचं संपवत होता. मग त्यांनी विचार केला, आणि त्यांच्या मते विचार करून सुटत नाही असं जगात थोडंच असतं. यंत्रं बिनतारी होती. आसपास आणखी कुणाकडे असंच यंत्र असेल, त्याचे आकडे चुकून इकडे येत असतील. आकडे जुळले तो योगायोग. बावीस वेळा जुळले, तर मोठा योगायोग.

“बघून येऊ ना,” मेहुणा म्हणाला. “सहावी रांग काय परगावी आहे?”

सहाव्या रांगेत तिसऱ्या फडताळावर बेअरिंगचे खोके नव्हते. वर्षभराच्या धुळीत बावीस चौकोन होते, स्वच्छ, एकमेकांना चिकटून. ओढल्याची खूण कुठे नव्हती. कुणी खोका ओढून काढला की धुळीत पट्टा उमटतो. इथे चौकोनांच्या चारी कडा वहीत आखाव्या तशा सरळ होत्या.

मेहुण्याने एका चौकोनावर बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं.

३

मास्तरांनी टेबलापाशी येऊन चौदावी रांग पुसायचा हुकूम दिला. पडद्यावर उत्तर आलं: जागा रिकामी नाही, पुसता येत नाही.

नियम बरोबरच होता. माल असलेली जागा पुसली तर माल कुठे जाईल? हा नियम मास्तरांनी केला असता तर असाच केला असता. त्यांनी भिंतीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. पुस्तिका उघडून दोन्ही स्कॅनर मूळ स्थितीत आणणारा बारकोड वाचला, शेजारचा नीट झाकून. स्कॅनरांनी तीन सूर काढले आणि ते नव्यासारखे गप्प झाले.

मग त्यांनी यंत्र देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सगळं नम्रपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की यंत्र फक्त वाचतं, माल हलवत नाही. माल जिथे शेवटचा वाचला तिथेच असणार, तेव्हा साहेबांनी एकदा चौदाव्या रांगेत जाऊन पाहावं. मास्तर म्हणाले, चौदावी रांग नाही. तो माणूस म्हणाला की त्याच्या पडद्यावर तर दिसते आहे. मास्तरांनी फोन ठेवला. त्या माणसावर रागवायचं कारण त्यांना सापडेना. त्याच्या जागी ते असते, तर हेच बोलले असते, तीनदा.

तेवढ्यात ‘टिट्’ झालं.

आवाज लहान होता, दारापलीकडे कुणी घड्याळ लावावं तसा. दोघांनी टेबलावरच्या स्कॅनरांकडे पाहिलं. पुन्हा आवाज आला, गोदामाच्या त्या टोकाकडून. मग एकामागून एक, सावकाश, मधे सारखं अंतर ठेवून. वाचणारा घाईत नव्हता. मेहुण्याची मोजणी अशी नव्हती, तो चाप दाबायचा तो पाऊस पडल्यासारखा. हे मास्तरांसारखं वाचणं होतं.

पडद्यावर ओळी उमटत होत्या. सातवी रांग, गॅस्केट. सातवी रांग, सील. जागा चौदावी. यंत्र तीन.

मास्तर कुलूप काढून बाहेर गेले आणि इमारतीला वळसा घालून त्या भिंतीच्या मागे पोचले. तिथे मोकळी जागा होती, दोन गाड्या उभ्या होत्या, एका गाडीखाली मांजर झोपलं होतं. त्यांनी बाहेरून इमारतीची लांबी पावलांनी मोजली, आत येऊन पुन्हा मोजली. दोन्ही वेळा एकसष्ट. भिंतीच्या जाडीला जे अर्धं पाऊल सोडायचं तेही सोडलं. हिशोब चोख होता, आणि तेच वाईट होतं. हिशोब चुकला असता तर कुठे शोधायचं हे तरी कळलं असतं.

शटर ओढून त्यांनी पुन्हा कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि मेहुण्याला म्हणाले की मोजणी थांबवू, वरच्यांना कळवू, घरी जाऊ. मेहुणा हसला. म्हणाला, कळवणार काय? नसलेल्या रांगेत माल गेला म्हणून? “भाऊजी, ते आधी तुम्हाला रजेवर पाठवतील, मग मला. मी जातो, भिंत ठोकून येतो. पोकळ असली तर वाजेल.”

मास्तर नको म्हणाले. पण त्यांनी ते एकदाच म्हटलं, ही गोष्ट पुढे त्यांना फार सलली.

४

मेहुणा स्कॅनर हातात घेऊन दोन रांगांमधून त्या टोकाला गेला. मास्तर टेबलाशी उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. भिंतीपाशी पोचून त्याने आधी बोटांनी टकटक केलं, मग मुठीने. म्हणाला, भरीव आहे, डोकं फुटेल पण भिंत नाही. मग कान लावला. म्हणाला, कुणीतरी आहे, पण बोलत नाही, बहुतेक सरकारी माणूस आहे.

त्याच्या गळ्यातल्या पट्टीला ओळखपत्र लटकत होतं. त्यावरही बारकोड होता. कामावर आल्याची नोंद त्यानेच होई. तो वाकला तसं ओळखपत्र पुढे झुललं आणि भिंतीला टेकलं.

नेमका तेव्हा फोन वाजला. मास्तरांनी मान वळवली. बायको होती. भाऊ सकाळी नीट न खाता गेला, तर त्याने डबा तरी संपवला का, असं विचारत होती. मास्तर सांगू लागले की त्याने दोन डबे संपवले.

‘टिट्’.

पडद्यावर एकच ओळ आली. सहा आकडी क्रमांक. मास्तरांना तो पाठ होता, कारण त्यांनीच तो मेहुण्याला नेमून दिला होता. जागा चौदावी रांग. नग एक.

त्यांनी मान वर केली. दोन रांगांमधली वाट त्या टोकापर्यंत रिकामी होती. जमिनीवर स्कॅनर पडला होता आणि चाप सुटूनही त्याची लाल रेघ फरशीवर अजून चालू होती.

पलीकडे बायको विचारत होती, काय झालं. मास्तर म्हणाले की तो आत गेला आहे, जरा शोधतो आणि फोन करतो. हे बोलताना आपण खोटं काहीच सांगत नाही, हे त्यांना जाणवलं आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

त्यांनी तेरा रांगा तीनदा पाहिल्या. वरची फडताळं, शिडीमागे, संडास, विजेच्या खोक्यामागची सांद, जिथे मूलही मावलं नसतं. शटरला कुलूप तसंच होतं आणि किल्ली खिशात होती. मेहुण्याचा फोन लावला तर तो टेबलावरच वाजला. खोडी काढतोय, असं त्यांनी स्वतःला मोठ्याने सांगितलं. चाळीस वर्षांचा घोडा आणि अजून लपंडाव. मग हाका मारल्या. हाकेचं उत्तर आलं ते ‘टिट्’ असं, भिंतीतून, आणि पडद्यावर तोच सहा आकडी क्रमांक पुन्हा उमटला. पुन्हा वाचला होता, मास्तर एखादी ओळ दुसऱ्यांदा तपासून पाहत तसा.

५

साडेचार वाजले. बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. तिला काय सांगायचं हा एकच प्रश्न उरला होता, आणि त्याचं एकच उत्तर चालणार होतं.

मास्तर दुसरा स्कॅनर घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. लेबल होतं तिथे गोंदाचा मळकट चौकोन होता. त्यांनी हातभर अंतरावरून चाप दाबला.

स्कॅनर जवळ धरला की रेघ आखूड आणि ठळक पडते. लांब धरला की पसरते, फिकी होते. हे त्यांनी कालच पाहिलं होतं. आता पडलेली रेघ फिकी होती. दोन माणसांच्या उंचीएवढी लांब होती. आणि सलग नव्हती. पायरीपायरीने तुटली होती. काही तुकडे जवळ, काही दूर, काही फारच दूर. खोके ओळीने मांडलेल्या रॅकवर ती पडते तशी. मास्तरांना डोळ्यांनी पांढरी भिंत दिसत होती, हात पुढे केला तर बोटांना गार चुना लागत होता. फक्त रेघेला भिंत लागत नव्हती.

त्यांनी स्कॅनर हळूहळू वळवला. रेघ खोक्यांवरून सरकली, एका मोकळ्या जागेतून गेली आणि मग एका गोल, मऊ कडेवर वाकली. खांद्यावर वाकावी तशी. खांदा हलला नाही. त्याच्या शेजारी, त्याला खेटून, आणखी एक होता. त्याच्या पलीकडेही. ते ओळीने होते.

मास्तरांनी चाप सोडला. आणि तरीही त्यांना लाल उजेड दिसत राहिला. तो त्यांच्या स्वतःच्या सदऱ्यावर होता. पोटावर एक आखूड, ठळक रेघ पडली होती, ती सावकाश वर चढत होती, त्यांच्या ओळखपत्राकडे.

त्यांनी ओळखपत्र मुठीत दाबून गळ्यातून ओढून काढलं. रेघ थांबली. वाट पाहू लागली.

इतक्या भीतीतही मास्तरांचं डोकं रुळावर होतं, कारण रेघ रीतीने चालत होती. जे वाचेल ते नेईल. मग ज्याने नेलं, त्याच्याचकडून परतही आणता येईल. नोंद तिकडून करून घ्यायला हवी. आधी जागा, मग वस्तू. ते टेबलाकडे धावले, पहिल्या रांगेचं जादा छापलेलं लेबल घेऊन आले आणि छातीसमोर दोन्ही हातांनी धरलं.

रेघ वळली आणि लेबलावर आडवी झाली. भिंतीत ‘टिट्’ झालं.

“आता त्याचं कार्ड,” मास्तर म्हणाले. “माझ्या मेहुण्याचं. तेच वाचायचं, दुसरं काही नाही.” त्यांनी हे तीनदा सांगितलं. आवाज फाटला, पण शब्द स्वच्छ होते. चौथ्यांदा वदवून घ्यायला समोर कुणी नव्हतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग दूर, फारच दूर, एकदा वाजलं.

६

“भाऊजी, निघायचं का?”

आवाज मागून आला, पहिल्या रांगेतून, शटरच्या बाजूने. मास्तर वळून जवळजवळ पळतच निघाले. मेहुणा रॅकला टेकून उभा होता. तोच सदरा, खिशाला तेच पेन, केसांवर थोडी धूळ. कुठे होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, इथेच. मास्तरांनी त्याचा दंड धरून पाहिला. दंड भरीव होता. जरा गार होता, पण गोदामात गारवा असतोच.

टेबलाजवळून जाताना त्यांची नजर सवयीने पडद्यावर गेली. पहिली रांग, नग एक आला होता. क्रमांक सहा आकडीच होता, मेहुण्याचा नव्हता. इथे कामावर असलेल्या किंवा कधीही असलेल्या कुणाचाच नव्हता. त्याच्या खाली चौदावी रांग होती, आणि तिच्यात मेहुण्याचा क्रमांक जिथल्या तिथे होता.

फोन वाजला. बायकोने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, सापडला का?

स्कॅनर अजून मास्तरांच्या हातात होता. मेहुण्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं, कोरी बाजू वर. ते पालटून चाप दाबायला एक क्षण पुरला असता. पण पडद्यावर जे होतं तेच निघालं, तर फोनवर थांबलेल्या बाईला काय सांगणार? पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तिने भावाला आजारपणात रात्ररात्र मांडीवर घेतलं तेव्हा ती असाच श्वास धरून बसत असेल.

मास्तरांनी स्कॅनर स्टँडमध्ये ठेवला. “सापडला,” ते म्हणाले. “येतोय आम्ही.”

तिने श्वास सोडला, दोघांनाही एकदम रागावली, आणि जेवण गरम करते म्हणाली.

“कोण होतं?” मेहुण्याने विचारलं.

“तुझी ताई. घरी बोलावतेय.”

मेहुण्याने मान डोलावली. मग तो तेराही रांगांकडे एकेक करून पाहत राहिला, अगदी सावकाश, प्रत्येकीवर सारखाच वेळ थांबत.

“घर कुठल्या रांगेत आहे?” त्याने विचारलं.

असलं काही बोलला की तो स्वतःच आधी हसायचा. मास्तर शटरच्या कुलपात किल्ली घालून, ती न फिरवता, त्या हसण्याची वाट पाहत उभे राहिले.